तारण, विसार आणि आमेन

नगरकडच्या एका तालुक्याच्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर समोरासमोर दोन पाट्या होत्या. एक पतसंस्थेची: ‘सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल.’ दुसरी चर्चच्या कुंपणभिंतीवर रंगवलेली. तिच्यावरचा बराच मजकूर उन्हापावसाने उडून गेला होता, पण ‘तारण’ हा शब्द लांबूनही वाचता येई. लहानपणी मला वाटे की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच काम चालते. गरजू माणसे इकडेही रांग लावतात, तिकडेही. पुढे शब्दकोश चाळण्याचा नाद लागला, तेव्हा कळले की त्या पोराचा अंदाज अगदीच चुकलेला नव्हता.

‘तुम्हाला तारणाची खात्री आहे का?’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माणसाने कधी ना कधी ऐकलेला असतो. संजीवन सभेच्या मांडवात तो ध्वनिक्षेपकावरून येतो, आजारी माणसाच्या उशाशी हलक्या आवाजात येतो. एकदा आमच्याकडे आलेल्या एका तरुण प्रचारकाने तो आजीला विचारला. आजी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मला काय विचारतोस बाबा, ज्यानं तारलं त्याला विचार.” प्रचारक गोंधळला. म्हातारीला खात्री नाही, असा अर्थ त्याने घेतला आणि तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. आजीने शेवटी ‘आमेन’ म्हटले आणि पुन्हा सूप हातात घेतले.

त्या वेळी मलाही ते उत्तर उडवाउडवीचे वाटले होते. आता वाटत नाही. पण ते का वाटत नाही हे सांगायचे तर प्रश्नातल्या ‘खात्री’ या शब्दापासून सुरुवात करावी लागेल.

‘खात्री’चे मूळ अरबी ‘खातिर’. अर्थ मन, किंवा मनात उमटणारा विचार. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि त्याचा गोतावळा वाढला. ‘तुझ्या खातर’ म्हणजे तुझे मन राखण्यासाठी. ‘खातिरदारी’ म्हणजे पाहुण्याचे मन सांभाळणे. त्यातच ‘खातरजमा’ हा सुंदर शब्द आहे. आज आपण तो कागद तपासण्यापुरता वापरतो. मुळात त्याचा अर्थ मन जमा होणे, पांगलेले मन एका जागी येणे. म्हणजे खात्री वस्तूत नसते, ती मनात असते. गोम इथेच आहे. रविवारच्या उपासनेत गोळा झालेले मन सोमवारी दुकानात, कोर्टात, दवाखान्यात पुन्हा पांगते. तारण खरे आहे की नाही याचा निकाल जर मन गोळा झाले की नाही यावर ठेवला, तर तो निकाल दर आठवड्याला फिरेल. बऱ्याच भाविकांचा तो तसा फिरतोही.

‘विश्वास’ हा शब्द थोडा वेगळ्या घराण्यातला. कीर्तनात, प्रवचनात कधीकधी त्याची फोड ‘विश्व’ अशी करतात. ऐकायला गोड, पण चुकीची. धातू आहे ‘श्वस्’, श्वास घेणे. वि-श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. ज्याच्याजवळ बसल्यावर छातीवरचा दाब उतरतो तो विश्वासाचा माणूस. ‘आश्वासन’ हाही याच धातूचा. घाबऱ्याघुबऱ्या झालेल्याला श्वास परत मिळवून देणे हा त्याचा मूळ अर्थ, निवडणुकीने त्याचे काय केले ते सोडून देऊ. मराठी माणूस तर या शब्दाशी थट्टाही करतो. कोणी ‘विश्वास ठेव’ म्हटले की ‘विश्वास गेला पानिपतात’ असे उत्तर तयार असते. 14 जानेवारी 1761 ला पेशव्यांचा तरणाताठा मुलगा विश्वासराव पडला आणि त्याच्या नावावर भाषेने कायमची कोटी करून ठेवली. थट्टेतही एक खरेपण आहे: विश्वासाला एखाद्या माणसाचा चेहरा लागतो. तो चेहरा गेला की शब्द पोकळ होतो.

‘श्रद्धा’ आणखी जुनी. श्रत् आणि धा: ‘धा’ म्हणजे ठेवणे, आणि ‘श्रत्’ हा शब्द भाषापंडित हृदयवाचक शब्दांच्या कुळात बसवतात. हृदय ठेवणे, ती श्रद्धा. लॅटिनमधला ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतो’, हा तिचाच सख्खा चुलत. जगभरच्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकाराचे लॅटिन रूप याच शब्दाने सुरू होते. त्याच ‘क्रेदो’तून पुढे ‘क्रेडिट’ निघाले. आपल्या पाकिटातल्या क्रेडिट कार्डाचे श्रद्धेशी, आणि पर्यायाने श्राद्धाशीही, असे लांबचे नाते आहे. पतसंस्थेची पाटी आणि चर्चची भिंत वाटतात तितकी लांब नाहीत, ती अशी.

गोव्याकडे गेलो तर तिसराच शब्द भेटतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने 1616 मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. मराठी ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. त्या परंपरेत विश्वासासाठी ‘भावार्थ’ हा शब्द रुळला आणि कोकणी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो आजही आहे. विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण कोकणीत भावार्थ, भरवंसो आणि मोग होतात. मराठीला ‘भावार्थ’ म्हटले की ज्ञानेश्वरीचे मूळ नाव आठवते, आणि ‘भाव’ म्हटले की देवळातला भाव आठवतो आणि कांद्याचाही. एकच शब्द भक्तीचे माप आणि बाजाराचा दर दाखवतो, याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

मला मात्र यात एक संगती दिसते. खात्रीचे म्हणून जितके शब्द आहेत, ते एकतर श्वास आणि काळीज यांच्याकडचे असतात, नाहीतर दस्तऐवज आणि गहाणखत यांच्याकडचे. ख्रिस्ती विश्वासाच्या वाटचालीत दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या वयात.

वयाचा मुद्दा माझा नाही. नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, लेखक वाचकांना तीन नावांनी हाक मारतो: लेकरांनो, तरुणांनो, वडिलांनो. प्रत्येकाला वेगळी गोष्ट आठवून देतो. लेकरांना सांगतो की तुमच्या पापांची क्षमा झालेली आहे आणि तुम्ही पित्याला ओळखता. तरुणांना सांगतो की तुम्ही बळकट आहात, वचन तुमच्यात राहते, दुष्टावर तुम्ही मात केली आहे. वडिलांना एवढेच सांगतो की जो आरंभापासून आहे त्याला तुम्ही ओळखले आहे. दोनदा हाक मारतो आणि वडिलांना दोन्ही वेळा तेच वाक्य. या ठिकाणची महत्त्वाची क्रियापदे ग्रीकमध्ये अशा काळात आहेत की क्रिया होऊन गेली, पण तिचा परिणाम टिकून आहे. मराठीत आपण ‘झालेले आहे’ म्हणतो तसे. परीक्षा अजून व्हायची आहे, असे तो कोणालाच म्हणत नाही. प्रत्येकाच्या पदरी काहीतरी आधीच पडले आहे; वयापरत्वे ते वेगळे आहे इतकेच.

लेकराचा शब्द ‘आमेन’. आपण तो ‘तथास्तु’सारखा, प्रार्थना संपल्याची खूण म्हणून वापरतो. हिब्रूत त्याचे मूळ आहे अलेफ-मेम-नून, म्हणजे टिकणे, घट्ट असणे, आधार देणे. याच मुळातून ‘एमूना’ म्हणजे निष्ठा किंवा विश्वास हा शब्द येतो. दरवाजाच्या खांबांसाठी आणि अंगावरचे मूल सांभाळणाऱ्या दाईसाठीही याच मुळाचे शब्द आहेत. गणनाच्या पुस्तकात वैतागलेला मोशे देवाला विचारतो की तान्ह्याला उरी धरून नेणाऱ्या पोषकासारखे मी या लोकांना का वाहावे. तिथला पोषक ‘ओमेन’ आहे. रूथच्या गोष्टीच्या शेवटी नामी नातवाला उराशी घेते, तिथेही हाच शब्द, स्त्रीलिंगी रूपात. म्हणजे आमेन म्हणणे म्हणजे कडेवर असणे. कडेवरच्या पोराने आईला घट्ट धरलेले असते खरे, पण ते झोपले की हात सुटतात, आणि पोर पडत नाही. माकडाचे पिल्लू आईला धरते, मांजराचे पिल्लू आई धरते, हा दृष्टांत आपल्याकडच्या वैष्णव आचार्यांनी फार पूर्वी चर्चिला आहे. ‘आमेन’ हा मांजरीच्या बाजूचा शब्द.

गंमत अशी की हे सेमिटिक मूळ मराठीत दुसऱ्या दाराने केव्हाच शिरले होते. अरबीतली त्याची पोरे म्हणजे ईमान, अमीन आणि अमानत. मराठीने त्यांना इमान, इमानदार, बेइमान, इमानेइतबारे असे आपलेसे केले. आणि ‘अमानत’ची अक्षरे उलटीपालटी करून ‘अनामत’ केली. विजेच्या मीटरसाठी भरतो ती अनामत रक्कम आणि प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते आमेन, दोन्ही एकाच मुळाची फळे. जे सुरक्षित राहील म्हणून दुसऱ्याच्या हाती सोपवले ते अनामत. लेकराची खात्री ही इतकीच असते: मी कोणाच्यातरी हाती सोपवलेला आहे. त्याला पावती लागत नाही.

पावती तरुणाला लागते. घराबाहेर पडलेल्या पोराला ‘आई आहे ना’ हे पुरत नाही. जग पुरावा मागते आणि तो स्वतःकडेही मागू लागतो. योहान तरुणांशी बोलताना लढाईची भाषा वापरतो ते उगीच नाही. या वयात दस्तऐवजी शब्द कामी येतात, आणि मराठी भाषांतरकारांनी ते असे काही निवडले आहेत की दाद द्यावी.

पहिला ‘तारण’ स्वतः. ‘तरणे’ आणि ‘तारणे’ यांत फरक आहे तो पडणे आणि पाडणे यांतला, मरणे आणि मारणे यांतला. तरतो तो स्वतः तरतो. तारले जायला दुसरा कोणीतरी लागतो. व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात. ‘तारण’ हा शब्द या प्रयोजकाचा आहे, म्हणून त्या क्रियेचा कर्ता तारला गेलेला माणूस होऊच शकत नाही. आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती ते हेच. ‘तुला खात्री आहे का’ असे बुडालेल्याला विचारणे म्हणजे क्रियापदाचा कर्ता बदलणे. व्याकरण शाळेत न शिकलेल्या आजीने प्रचारकाच्या वाक्यातली चूक दुरुस्त केली होती.

मग पतसंस्थेतले तारण? मला ते याच शब्दाचे दुसरे अंग वाटते. मराठीत कर्ज ‘बुडते’, पैसे ‘बुडतात’, बँकेला ‘बुडीत खाते’ असते. जे कर्ज बुडू देत नाही, ते तारण. फक्त तिथे गरजू माणूस सोने ठेवतो आणि इथे, ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे, गरजूच्या वतीने दुसऱ्यानेच सगळे ठेवलेले असते. इब्री लोकांस पत्रात येशूला चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. तोही अरबी शब्द, कोर्टाच्या पायऱ्यांवरचा.

दुसरा दस्तऐवजी शब्द ‘विसार’. जमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीखतापूर्वी घेणारा काही रक्कम देतो, ती विसार; कुठे कुठे इसार म्हणतात. नव्या करारातला पत्रलेखक पौल म्हणतो की देवाने आपला आत्मा आपल्या अंतःकरणात विसार म्हणून दिला आहे. इफिसकरांस पत्रातल्या मराठीत तर विसाराच्या शेजारी ‘वतन’ येऊन बसले आहे. विसार आणि वतन हे जोडशब्द पाहिले की गावच्या पाटलाच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटते. पौलाचा ग्रीक शब्द ‘अर्राबोन’. तो ग्रीक नव्हे. सेमिटिक व्यापाऱ्यांनी मालाबरोबर भूमध्य समुद्राच्या बंदरांत पोचवलेला. हिब्रू रूप ‘एराबोन’ उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात भेटते: यहूदा तामारेला करडू पाठवीपर्यंत गहाण म्हणून आपली मुद्रा, गोफ आणि काठी देतो, आणि पुढे त्याच वस्तू तिचा जीव वाचवतात. आजच्या ग्रीकमध्ये या शब्दाचा वंशज साखरपुड्यासाठी वापरतात. विसार आणि साखरपुडा एका शब्दात! दोन्हीकडे मुख्य कार्य व्हायचे असते, पण शब्द दिलेला असतो.

या व्यवहाराची एक अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विसार देणाऱ्याने माघार घेतली तर त्याची रक्कम बुडते. म्हणजे विसाराने आधी बांधला जातो तो देणारा. पौलाच्या उपमेत देणारा देव आहे. तरुण भाविक रात्री जागून स्वतःच्या मनाची झडती घेतो, माझा पश्चात्ताप खरा होता का, अश्रू पुरेसे होते का, असे तपासत बसतो, तेव्हा तो विसार घेणाऱ्याची पत मोजत असतो. मोजायची होती देणाऱ्याची.

तिसरा शब्द इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायातला. तिथे विश्वासाची व्याख्या करताना मराठी बायबलने ‘भरवसा’ आणि ‘खात्री’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिल्याच्या जागी ग्रीकमध्ये ‘हुपोस्तासिस’ आहे: हुपो म्हणजे खाली, आणि स्तासिस हा आपल्या ‘स्था’ धातूचा नातलग. खाली उभे असलेले, आधारभूत. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांत हा शब्द मालमत्तेच्या कागदपत्रांसंदर्भात येतो, म्हणून मोल्टन आणि मिलिगन या कोशकारांनी इथे ‘मालकी हक्काचा दस्त’ असा अर्थ सुचवला. सगळ्या विद्वानांना तो पटला नाही. पण मराठी शेतकऱ्याला त्याची गोडी चटकन कळेल: शेत लांब आहे, पीक डोळ्यांसमोर नाही, सातबारा मात्र खिशात आहे.

आता एका माणसाच्या आयुष्यात हे शब्द कसे एकामागून एक आले ते पाहू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. संस्कृतात पारंगत, वादात कोणाला न हार जाणारी ही बाई बुद्धीने पटल्याशिवाय पाऊल टाकणारी नव्हती. तरी पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणी सांगतात की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. तो सापडायला आठेक वर्षे गेली. दरम्यान त्या अमेरिका फिरून आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला हलवले, टीकेचे घाव सोसले. कामात कुठेही कसूर नव्हती. कमी होती ती खात्री, आणि ती 1891 च्या सुमाराला आली, जेव्हा आपण काही बनून मग देवाकडे जायचे नसून आहोत तसे जायचे आहे, हे त्यांना उमगले. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात संजीवनाची लाट आली ती त्यानंतर चौदा वर्षांनी. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. पंडितांच्या संस्कृतप्रचुर भाषेऐवजी साध्यासुध्या बायकांना कळेल असा शब्द शोधत, मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेल्यावरही, त्या हे काम करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांचे निधन झाले. 1924 मध्ये भाषांतर प्रसिद्ध झाले. 1883 ची रमाबाई खोटी होती का? मुळीच नाही. कागद तिच्या हातात होता. तो वाचायला वेळ लागला.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्याचेही असेच. 1728 मध्ये पुरोहित म्हणून दीक्षित झालेला हा माणूस मिशनरी होऊन जॉर्जियाला निघाला. 1736 च्या जानेवारीत भर समुद्रात वादळ उठले, तेव्हा जहाजावरचे मोरेवियन पंथाचे कुटुंबकबिले शांतपणे स्तोत्रे गात होते आणि पुरोहित भेदरला होता. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात असताना त्याच्या हृदयाला ऊब लागली. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. तरुण वेस्ली अशी ऊब न लागलेल्यांना कडक शब्दांत झापत असे. उतारवयात त्याने ते बदलले. दासाचा विश्वास आणि पुत्राचा विश्वास असा भेद करून तो म्हणू लागला की दासालाही देवाने स्वीकारलेले आहे. खात्री आली नाही म्हणून तारण नाही असे म्हणणे चूक, इथवर तो आला.

खात्रीचा हा वाद जुना होता. 1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने प्रोटेस्टंटांच्या खात्रीला पोकळ भरवसा ठरवले. कॅल्व्हिनने विश्वासाला ठाम आणि निश्चित ज्ञान म्हटले होते. पण त्याच्याच परंपरेतल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराने, 1646 मध्ये, अठराव्या प्रकरणात नोंदवले की खऱ्या भाविकालाही खात्रीसाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते आणि आलेली खात्री अनेक कारणांनी डळमळू शकते. ही कलमे लिहिणाऱ्यांनी माणसे जवळून पाहिली होती.

योहानाच्या यादीत एक वय नाही, ते म्हणजे चाळिशी. तरुण आणि वडील यांच्यामध्ये माणसाची वीस-पंचवीस वर्षे जातात, आणि त्यांचा शब्द ‘भरवसा’. लढाईचा जोश उतरलेला असतो, म्हातारपणाचे शहाणपण आलेले नसते. प्रार्थना कोरड्या होतात. मूल आजारी पडते, नोकरी जाते, मंडळीत भांडणे होतात. मराठी म्हण सांगतेच, भरवशाच्या म्हशीला टोणगा. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तेच नेमके फसवते. त्या फसवणुकीतून जो तावून निघतो तोच खरा भरवसा, आणि तो कशावर ठेवला यावर सगळे अवलंबून असते. ऐन तारुण्यातल्या अनुभवावर ठेवला असेल तर ती म्हैस टोणगाच देणार.

ग्रीकमध्ये या वयासाठी ‘प्लेरोफोरिया’ हा शब्द चालेल. नव्या करारात तो विश्वासाबरोबर येतो, आशेबरोबर येतो आणि कलस्सैकरांस पत्रात समजुतीबरोबर येतो. प्लेरेस म्हणजे पूर्ण, आणि हा आपल्या ‘पूर्ण’चाच नातलग, फेरो म्हणजे वाहणे, आणि हा आपल्या ‘भृ’ धातूचा, भाराचा. पुरता भरलेला, पुरता वाहिलेला. रिकामी बैलगाडी खडखडते, भरलेली मुकाट चालते. चाळिशीतल्या खात्रीचा आवाज होत नाही, म्हणून ती गेली असे माणसाला वाटते.

ही वाट प्रत्येकाची वेगळ्या गतीची असते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. एकाच जोडप्यात, मध्ये पाच वर्षे. टिळकांना जे लेखणीतून आणि वादातून मिळाले ते लक्ष्मीबाईंना सोवळे-ओवळे आणि जात या रोजच्या गोष्टींचा विचार करताना, स्वतःच्या गतीने मिळाले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला जाणवते की त्यांनी कधी नवऱ्याच्या खात्रीवर आपला दिवा लावला नाही. टिळकांचीही वाट तिथे थांबली नाही: 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला. विश्वासाच्या बावीस वर्षांनंतरही माणूस नव्याने घराबाहेर पडू शकतो.

शेवटचा शब्द ‘जाण’. जाणणे हे संस्कृत ‘ज्ञा’चे, आणि योहान वडिलांसाठी जे ग्रीक क्रियापद वापरतो ते याच कुळातले. मराठीत माहिती असणे वेगळे आणि जाण असणे वेगळे. माहिती मिळवता येते. जाण सहवासाने येते. योहान पत्राच्या शेवटी, तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिले, असे म्हणतो तेव्हा दुसरे क्रियापद वापरतो. त्याचा मूळ अर्थ पाहिलेले असणे, आणि ते आपल्या ‘विद्’ आणि ‘वेद’ यांचे नातलग. आपला ‘साक्षी’ही डोळ्यांतून आलेला: स आणि अक्षि, डोळ्यांसह असलेला. म्हणून मंडळीत उठून साक्ष देणारा माणूस आपली भावना सांगायला उभा नसतो. काय पाहिले ते सांगायला उभा असतो.

आणि इथे योहानाने एक गोष्ट करून ठेवली आहे जी घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटते. वडिलांसाठी वापरलेले ‘ओळखले आहे’ हेच क्रियापद तो लेकरांसाठीही वापरतो. लेकरू पित्याला ओळखते, म्हातारा आरंभापासून असणाऱ्याला ओळखतो. मधली सगळी वर्षे पावत्या, जामीन, विसार, सातबारा जपण्यात गेली. ती वाया गेली नाहीत. त्यांच्यावाचून तरुण टिकला नसता. पण साठ वर्षे संसार केलेल्या नवरा-बायकोला कोणी लग्नाचा दाखला दाखवायला सांगत नाही, आणि त्यांनाही तो कुठल्या पेटीत आहे ते आठवत नाही.

म्हणून मंडळीतल्या प्रश्न विचारणाऱ्यांना एक विनंती. ‘खात्री आहे का’ हा प्रश्न जरूर विचारा, पण समोरच्याचे वय पाहून शब्द निवडा. नव्या माणसाला त्याच्या मनाची खातरजमा करायला लावू नका; त्याला कोणी कडेवर घेतले आहे ते सांगा. झगडणाऱ्या तरुणाच्या हाती विसाराची पावती द्या आणि विसार कोणी दिला आहे ते दाखवा. मधल्या वयातल्याचा आवाज बसला म्हणून त्याला अविश्वासी ठरवू नका. आणि तांदूळ निवडणाऱ्या म्हातारीजवळ गेलात तर प्रश्न विचारण्याआधी जरा वेळ नुसते बसा.

‘आमेन’ हा शब्द ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, स्टीफन्सच्या गोव्यात आणि रमाबाईंच्या केडगावात तसाच राहिला. बाकी सगळ्या शब्दांसाठी भाषांतरकार भांडले. या एका शब्दाला, प्रार्थनेच्या शेवटी तरी, सहसा कोणी हात लावला नाही.